पतसंस्थेच्या व्यवहारांच्या जाळ्यातील वेगळे वर्तन कोणत्या मापाने ओळखावे?

रावेरकर (प्रश्न):
रावेर तालुक्यातील एका पतसंस्थेच्या संगणक विभागात मी काम करते. दोन वर्षांचे व्यवहार घेऊन, प्रत्येक खाते हा एक नोड आणि एका खात्यातून दुसऱ्या खात्यात गेलेली रक्कम ही एक जोडणी, असे जाळे मी तयार केले आहे. सर्वाधिक जोडण्या असलेली खाती संशयास्पद धरली, तर केळीची कापणी जोरात असताना दरवेळी व्यापाऱ्यांचीच खाती वर येतात, कारण ते एका दिवसात तीस-चाळीस बागायतदारांचे पैसे चुकते करतात. अशा चोख खातेदारांना विनाकारण चौकशीला बोलावणे मला पटत नाही. सरासरीपासून तीन प्रमाण विचलने (आकडे सरासरीभोवती किती पसरले आहेत याचे माप) दूर, हा नियमही लावून पाहिला. फरक पडला नाही. काय करावे?

तापीकाठ:
आपली अडचण मापापेक्षा तुलनेत आहे. व्यापाऱ्याच्या खात्याची तुलना शेतमजुराच्या खात्याशी न करता, त्याच खात्याच्या मागील हंगामाशी करावी. शिवाय एखादा अवाढव्य आकडा सरासरी आणि प्रमाण विचलन दोन्ही फुगवतो आणि त्यांच्या आड स्वतःच लपतो. म्हणून मध्यक (आकडे चढत्या क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) घ्यावा, आणि मध्यकापासूनच्या अंतरांचा पुन्हा मध्यक काढून त्याला 1.4826 ने गुणावे. मग त्या दिवसाच्या आकड्याचे मध्यकापासूनचे अंतर या गुणाकाराने भागावे.

समजा, व्यापारी रोज 30 खात्यांना पैसे देतो (मध्यक) आणि अंतरांचा मध्यक 4 आहे. एके दिवशी त्याने 42 खात्यांना दिले, तर 12 भागिले 5.93, म्हणजे सुमारे 2. यात वावगे काही नाही. याउलट ज्या खात्याचा मध्यक 2 आणि अंतरांचा मध्यक 1 आहे, त्यातून एका दिवसात 9 खात्यांना पैसे गेले, तर उत्तर 4.7 येते. साधारणपणे 3.5 च्या पुढचे खाते तपासायला घेतात. जोडण्या नुसत्या मोजल्या असत्या, तर हे 9 चे खाते यादीत फार खाली राहिले असते.

भुसावळकर:
वरील उत्तराशी सहमत आहे, पण जोडण्यांची संख्या हे मुळात फार तोकडे माप आहे. आमच्या भुसावळ जंक्शनवरून मुंबई, नागपूर आणि खंडवा या तीनच दिशांना मुख्य मार्ग जातात, तरीही हे जंक्शन बंद पडले तर केवढी वाहतूक अडेल! इतर नोडांमधले सर्वांत जवळचे मार्ग एखाद्या नोडवरून किती प्रमाणात जातात, हे मोजणारे ‘बिट्वीननेस’ हे माप लिंटन फ्रीमन यांनी 1977 मध्ये मांडले. एरवी एकमेकांशी व्यवहार नसलेल्या दोन गटांमध्ये एखादे लहान खाते अचानक दुवा बनले, तर ते यात लगेच उठून दिसते. हे माप दर महिन्याला काढून मागील महिन्यांच्या शेजारी ठेवावे.

रावेरकर:
दोन्ही उत्तरांबद्दल मनापासून आभार. दोन शंका उरतात. बऱ्याच शांत खात्यांत अंतरांचा मध्यक शून्य येतो आणि भागाकारच होत नाही. तसेच बिट्वीननेस काढताना जोडणीला रकमेचे वजन द्यावे का?

तापीकाठ:
शून्य आल्यास त्या खात्यासारख्याच इतर शांत खात्यांच्या अंतरांचा एकत्रित मध्यक वापरावा.

भुसावळकर:
वजन अवश्य द्यावे, मात्र उलटे करून. ही गणना वजनाला अंतर समजते. रक्कम जशीच्या तशी दिली, तर सर्वांत मोठा व्यवहार हाच सर्वांत लांबचा रस्ता ठरतो आणि ज्या खात्यांतून खरा पैसा फिरतो तीच गणनेतून निसटतात. 1 भागिले रक्कम घ्यावी.