बापाची पद्मिनी पोराला आवडलीच पायजे का?

विजापूर वेसवाला
परवा घरी जेवताना यावरून चांगलंच वाजलं म्हणून इथं टाकतोय. आमच्या अण्णांची ८६ ची प्रीमियर पद्मिनी हाय, शेडमध्ये ताडपत्रीखाली उभी. अण्णांचं म्हणणं, तुम्हा पोरांना गाडीतलं काही कळत नाही, टचस्क्रीन दिसली की झाले खुश. माझं म्हणणं एवढंच की आवड काय सातबाऱ्यावर वारस म्हणून चढत नसती. त्यांनी नंबर लावून वाट बघून घेतली म्हणून त्यांना कौतुक. आम्हाला काय आठवतं तर मे महिना, मोहोळच्या अलीकडं गाडी बंद, बॉनेट वर, इंजिनवरच्या पंपातल्या पेट्रोलची वाफ झालेली आणि अण्णा पंपावर ओलं फडकं टाकून थांबलेत, आई बाभळीखाली पदरानं वारा घेतीय. अण्णांना यात पण मजा वाटायची. मी म्हणतो विकावी, ज्याला हौस हाय तो घेईल. बोला.

कार्बोरेटरकाका
का बे, ओलं फडकं टाकलं की दहा मिनिटात चालू व्हायची ना? आताची सेन्सरवाली बंद पडली तर टोचन लावून शोरूमला न्यावी लागते. आणि सोलापूरच्या माणसानं तरी पद्मिनी विकायची भाषा करू नये. प्रीमियर काढणारे वालचंद हिराचंद आपल्या गावचे, १८८२ ला इथंच जन्मले. १९४४ ला कंपनी, मग कुर्ल्याच्या कारखान्यात फियाट ११०० बनायला लागल्या, त्याचंच पुढं ७४ ला पद्मिनी नाव झालं. मुंबईची शेवटची पद्मिनी टॅक्सी २०२३ ला रस्त्यावरून गेली तेव्हा लोक फोटो काढत होते, आणि ज्यांच्या घरात उभी हाय ते गिऱ्हाईक शोधतायत. अवघड हाय.

विजापूर वेसवाला
काका, बरं झालं वालचंदांचं नाव काढलं. घरचा कापसाचा आणि सावकारीचा धंदा सोडून ते रेल्वेच्या कंत्राटात उतरले होते. बापाचंच पुढं चालवायचं म्हणून बसले असते तर कुठली प्रीमियर आणि कुठली पद्मिनी.

कार्बोरेटरकाका
धंदा सोडला, बापाची वस्तू भंगारात नाही घातली. फरक हाय.

झेनप्रेमी_१३
दोघंही वेगळ्याच गोष्टीवर भांडताय असं वाटतंय. आमच्या पप्पांचा जीव ॲम्बेसेडरवर, मला ती हत्तीसारखी वाटते, बसवतच नाही. पण मी ९३ ला आलेली झेन शोधत फिरतोय, कारण लहानपणी शेजारच्या काकांकडं होती आणि ते मला मांडीवर बसवून कॉलनीत फिरवायचे. आपण दहा-बारा वर्षांचे असताना दारात जी गाडी असती तीच डोक्यात बसती, मग ती कुठली का असेना. माझ्या पोराला उद्या आमची स्विफ्ट क्लासिक वाटंल आणि मी त्याला हसंल. म्हणजे येड सेम हाय, मॉडेल बदलतंय. पप्पांना हे सांगितलं तर म्हणतात झेन ही काय जुनी गाडी हाय का. आता काय बोलायचं.

हिशेबी माणूस
सगळे भावनेवर चाललेत, जरा खिशाचं बोला. १५ वर्षं झाली की दर ५ वर्षांनी आरटीओत रजिस्ट्रेशनचं रिन्यूअल. ६०० रुपयात व्हायचं ते २०२२ ला ५००० झालं, आणि २०२५ ला वीस वर्षांवरच्या कारला १०,०००. ग्रीन टॅक्स वेगळा. विंटेजमध्ये घालू म्हणाल तर त्याला ५० वर्षं पूर्ण लागतात, म्हणजे ८६ ची गाडी २०३६ पर्यंत नुसती म्हातारी. आणि विंटेजचा नंबर घेतला की रोज फिरवता येत नाही ते वेगळंच. वर आता पेट्रोलात २० टक्के इथेनॉल, जुने रबरी पाईप आणि पंपाचा डायफ्रॅम, म्हणजे आतला पातळ पडदा, खराब होतो, ते सगळं बदलून घ्या. पार्टला कुर्ल्याला सीएसटी रोडवर चक्कर. पगारदार पोरानं हे का करावं? आवड नाही म्हणून नव्हे हो, परवडत नाही म्हणून.

कार्बोरेटरकाका
पाईप बदलायला कितीसा खर्च येतो. यापेक्षा जास्त पोरं मोबाईलवर घालवतात.

होटगी रोडची
मी मुलगी हाय म्हणून सांगते, या सगळ्या चर्चेत "पोरगं पोरगं" चाललंय ते वाचून हसू येतंय. आमच्या बाबांची पण फियाट होती. दादाला गाडीत काडीचा इंटरेस्ट नव्हता तरी रविवारी त्यालाच हाक, "ये रे, प्लग काढायला शिक". तो तोंड वाकडं करून उभा. पॉईंटमधली, म्हणजे प्लगच्या ठिणगीची वेळ धरणाऱ्या कॉन्टॅक्टमधली, फट बाबा ब्लेड घालून बघायचे, ते शेजारी उभं राहून बघून बघून मलाच पाठ झालं, पण पाना कधी हातात दिला नाही. वर तेच बाबा पाहुण्यांना सांगायचे, पुढच्या पिढीला आवड नाही. शेवटी विकली बार्शीच्या एका माणसाला. वेसवाले दादा, तुम्हाला तरी अण्णांनी कधी चालवायला दिली होती का, का नुसती धुवायला?

विजापूर वेसवाला
धुवायला. आणि ढकलायला. स्टेअरिंगला लागून असलेला गिअरचा दांडा तुला जमायचा नाही म्हणायचे, आजपण चावी त्यांच्याच कपाटात. पण ताई, दिली असती तरी मला आवडली असती असं काही नाही हं.

होटगी रोडची
नसती आवडली तर नसती. पण मग चव नाही असं म्हणायचा हक्क अण्णांना नाही, ताटच वाढलं नाही त्यांनी.

कार्बोरेटरकाका
ताई राग मानू नका, पण त्या काळी बायकांना देत नव्हते कारण गाडी जड. पॉवर स्टेअरिंग नाही काही नाही.

होटगी रोडची
काका, स्टेअरिंग जड असतं ते उभ्या गाडीचं. चाक जरा हललं की हलकं होतं. आणि गाडी बंद पडल्यावर मागून ढकलायला आम्हालाच उतरवायचे ना, तेव्हा नव्हती का जड?

झेनप्रेमी_१३
काका आता फडकं तुम्हीच घ्या 😂