उभा इलेक्ट्रिक सिलिंडर वर जाताना ओव्हरलोड, खाली येताना लोड जवळजवळ शून्य

चाकण_दुसरी_पाळी

नमस्कार मंडळी. अ‍ॅल्युमिनियम कास्टिंगच्या मशीनिंग लाइनवर आमचा एक लिफ्टर आहे. खालच्या रोलर कन्व्हेयरवरचं पॅलेट उचलून वरच्या कन्व्हेयरवर द्यायचं, एवढंच त्याचं काम. उभा लावलेला इलेक्ट्रिक सिलिंडर, स्ट्रोक ६०० मिमी, १० मिमी लीडचा (एका फेऱ्यात १० मिमी सरकवणारा) बॉल स्क्रू, ३००० आरपीएमची १ किलोवॉट सर्वो मोटर, ब्रेकसकट. मोटर सिलिंडरला समांतर, मधे टायमिंग बेल्ट, दोन्ही पुली सारख्याच. पॅलेट, फिक्श्चर आणि जॉब मिळून १४० किलो.

सकाळी लाइन सुरू केली की मशीन छान चालतं. दुसऱ्या पाळीत ओव्हरलोड अलार्म येतो. थोडा वेळ थंड होऊ दिलं, रीसेट केलं की परत चालतं, आणि परत अडकतं. ड्राइव्हवर (मोटर चालवणाऱ्या कंट्रोलरवर) टॉर्क बघितला: वर जाताना रेटेडच्या १४० टक्के, खाली येताना फक्त २. कमिशनिंगच्या शीटवर वर ७६ आणि खाली ६२ लिहिलंय. म्हणजे खाली येताना उलट सुधारणाच झाली म्हणायची का? मोटरला हात लाववत नाही. ग्रीस मारलं, फरक नाही.

सुपरवायझर म्हणतात मोटर लहान पडते, ओव्हरलोडची मर्यादा वाढव. सिलिंडरवाले म्हणतात अख्खा सिलिंडर बदला. लाइनवर बाकी बदल काही नाही, मागच्या महिन्यात पॅलेट अडवायला चार नवे स्टॉपर बसवले तेवढेच, पण त्यांचा याच्याशी संबंध नसावा.

आत्ता पॅलेट अर्ध्यावर लटकलंय. ब्रेकला बाहेरून २४ व्होल्टची बॅटरी लावून हळूहळू खाली घ्यावं म्हणतो. त्यानंतर काय काय तपासू?

पॅनल_ते_स्क्रू

ती बॅटरी आधी जागेवर ठेवा. बाकी नंतर लिहितो.

बॉल स्क्रूची कार्यक्षमता ९० टक्क्यांच्या घरात असते. म्हणजे मोटर फिरली की नट सरकतो, तसाच नट ढकलला की स्क्रूही गरागरा फिरतो. ट्रॅपेझॉइडल आट्यांचा स्क्रू असता तर घर्षणामुळे ओझं बहुधा जागेवर राहिलं असतं (हादरे असतील तर त्याच्यावरही विसंबू नये). तुमच्याकडे १४० किलो आणि जमीन यांच्यामध्ये फक्त तो ब्रेक आहे. ड्राइव्ह बंद ठेवून तो मोकळा केलात तर ‘हळूहळू’ हा प्रकारच उरत नाही. आणि बॅटरी लावणारा माणूस बहुधा मोटरपाशीच, म्हणजे ओझ्याच्या शेजारीच वाकलेला असतो.

सोपा मार्ग तुमच्याच आकड्यांत आहे. खाली येताना मोटरला काही करावं लागत नाही, मग मोटर थंड होऊ द्या, अलार्म रीसेट करा, गार्डचं दार बंद, आत कोणी नाही याची खात्री, आणि अगदी कमी वेगाने जॉगवर (बटण दाबलेलं असेपर्यंतच हलवत) पार तळाला आणा. ड्राइव्ह चालूच होत नसेल तर वरच्या बीमला चेन पुली ब्लॉक लावून फिक्श्चर स्लिंगने उचलून धरा. ओझं स्लिंगवर आलं की मगच ब्रेकला हात. फोर्कलिफ्टचे काटे खाली घालून काम भागवू नका, आणि लाकडी ठोकळे तर नकोच.

तळाला आलं तरी हात घालण्याआधी स्टीलचा टेकू पिन मारून लावा. मग मेन आयसोलेटर बंद, त्याला तुमचं स्वतःचं कुलूप आणि नावाची पाटी, किल्ली तुमच्या खिशात. ड्राइव्हच्या अंगावर कपॅसिटर उतरायला किती मिनिटं थांबायचं ते छापलेलं असतं, तेवढं थांबा आणि तरीही डीसी बसवर मीटर लावून बघा. २३० व्होल्टच्या ड्राइव्हमध्ये तिथे ३२५ च्या आसपास व्होल्ट असतात, सप्लाय काढल्यावरही काही काळ. दाराचा इंटरलॉक किंवा एसटीओ (ड्राइव्हचं ‘सेफ टॉर्क ऑफ’) पडला म्हणजे वीज तुटली असं नाही. एसटीओ मोटरचा टॉर्क काढतो, टर्मिनलवरचं व्होल्टेज नाही. उभ्या अक्षाला तर टॉर्क काढून घेणं म्हणजे सगळा भार ब्रेकवर सोपवणं.

तुमच्या रचनेत आणखी एक खोच आहे. ब्रेक मोटरवर आहे आणि मोटर व स्क्रू यांच्यामध्ये बेल्ट. बेल्ट तुटला तर ब्रेक कितीही घट्ट बसलेला असो, पॅलेट खाली येणारच. म्हणून टेकू.

तळेगाव_ग्रीसगन

मला सर्वोपेक्षा स्क्रूवर जास्त संशय येतो. कोणतं ग्रीस मारलंत? शॉपमध्ये चेनसाठी काळं ग्रीस असतं, तेच गनमध्ये भरलेलं मी पुष्कळ ठिकाणी बघितलंय. ग्राफाइट किंवा मॉलीवालं ग्रीस बॉल स्क्रूला सहसा चालत नाही. मॅन्युअलमध्ये बहुतेक लिथियम साबणाचं २ नंबरचं असतं. नवं मारताना जुनं वेगळ्या साबणाचं असेल तर दोन्ही एकमेकांत मिसळून पातळ होऊ शकतात. आणि उभं असताना एकाच जागी गन मारून उपयोग नाही, नट पूर्ण स्ट्रोकभर फिरवून घ्यायचा, नाहीतर सगळं ग्रीस एकाच जागी साठतं.

दुसरं, गाइड रेल बघा. फिक्श्चर रेलवर तोललेलं असतं आणि सिलिंडरने फक्त ढकलायचं असतं. रेल सैल झाली की वाकडा भार रॉडवर येतो. रॉडवर एकाच बाजूला चमकदार पट्टा दिसला, किंवा सील एका बाजूने खाल्लेलं दिसलं, की समजा. रॉडच्या टोकाला गोलाकार सांधा आहे का, की सरळ बोल्टने आवळून टाकलंय?

पॅनल_ते_स्क्रू

ग्रीसगन यांचं म्हणणं रास्त आहे, ते तपासाच. मला मात्र आधी आकड्यांबद्दल बोलायचंय, कारण ‘सुधारणा’ या शब्दात फसगत आहे. तुम्ही कमिशनिंगची शीट सांभाळलीत हे फार बरं केलंत. बहुतेक ठिकाणी ती पॅनलच्या दारात अडकवलेली असते आणि गरजेच्या दिवशी तेलाने वाचता येत नाही.

वर जाताना मोटरला ओझं अधिक घर्षण, असं दोन्ही उचलावं लागतं. खाली येताना ओझं स्वतः ओढत असतं आणि घर्षण त्याला अडवतं, म्हणून मोटरच्या वाट्याला ओझं वजा घर्षण. दोन आकड्यांची सरासरी काढली की ओझं मिळतं, फरकाचा निम्मा काढला की घर्षण.

शीटवर: ओझं ६९, घर्षण ७. आज: ओझं ७१, घर्षण ६९.

कागदावरही ताडून बघा. १४० किलो म्हणजे १३७३ न्यूटन, १० मिमी लीडला घर्षण सोडून २.१९ न्यूटन-मीटर. तुमच्या मोटरचा रेटेड टॉर्क ३.१८ न्यूटन-मीटर. ६९ टक्केच आले. तेव्हा मोटर लहान नाही आणि ओझंही वाढलेलं नाही. घर्षण दहापट झालंय, आणि खालच्या २ टक्क्यांना तुम्ही सुधारणा समजलात तो त्याच घर्षणाचा पुरावा आहे. मर्यादा वाढवली तर तेच घर्षण आणखी जोमाने जाळाल.

आता कुठलं घर्षण? रेल, सील, नट, बेल्टचा ताण, बेअरिंग, सगळं शक्य आहे. पण रेल किंवा नट सकाळ-दुपार ओळखत नाहीत. ब्रेकची कॉइल ओळखते. तांब्याचा रोध दर अंशाला ०.४ टक्के वाढतो. कॉइल ४० अंशांनी तापली की रोध १६ टक्के वाढला, करंट सुमारे १४ टक्के पडला, चुंबकाची ओढ त्याहून जास्त पडली. ब्रेक स्प्रिंगने बसतो आणि विजेने उघडतो, त्यामुळे ओढ अपुरी पडली की तो अर्धवटच उघडतो. हँडब्रेक अर्धा ओढून खंबाटकी घाट चढायचा, तसं चाललंय.

आणि त्या चार स्टॉपरचा संबंध नसावा असं तुम्ही म्हणालात, त्यांचे व्हॉल्व्ह कुठल्या २४ व्होल्टवर आहेत ते बघा. मोजायचं ते पॅनलमध्ये नाही, तिथे सगळं गोडगोडच दिसतं. मोटरजवळच्या ब्रेकच्या टर्मिनलवर मोजा, ब्रेक उघडा आणि चारही स्टॉपर चालू असताना. कुलूप लावलेलं असताना तिथून दोन वायर गार्डच्या बाहेर काढून ठेवा आणि मग बाहेर उभं राहून मीटर बघा. ब्रेकच्या पाटीवर सहसा २४ व्होल्ट, १० टक्के कमीजास्त असं असतं, म्हणजे २१.६ च्या खाली गेलात की ब्रेकने उघडावं अशी अपेक्षाच करू नये.

हे नीट निघालं तर मग एकेक भाग सुटा करत बघा: टेकूवर ओझं ठेवून रॉड सोडा, नुसता सिलिंडर चालवा, तरी जड असेल तर बेल्ट काढून नुसती मोटर. जो भाग सोडल्यावर टॉर्क पडेल तो दोषी. आणि मोटरला मेगर (इन्सुलेशन तपासायचा जास्त व्होल्टचा मीटर) लावायचा असेल तर ड्राइव्हपासून केबल सोडूनच. एन्कोडरच्या (मोटर किती फिरली ते सांगणाऱ्या सेन्सरच्या) वायरला तर मेगर कधीच नाही.

चाकण_दुसरी_पाळी

काका, सांगितलं तसं जॉगवर खाली आणलं, टेकू, कुलूप सगळं केलं. रॉडचा सांधा गोलाकारच आहे, पट्टा वगैरे नाही. ग्रीस मात्र ग्रीसगनदादांना कळलं तेच निघालं, काळं. ते पुसून मॅन्युअलमधलं भरलं, पूर्ण स्ट्रोक फिरवून. त्याने वर जातानाचा आकडा फक्त १३७ झाला.

व्होल्टेज: पॅनलला २३.६. मोटरपाशी स्टॉपर बंद असताना २२.७, चारही चालू असताना २१.०.

वायरमनने स्टॉपरचा शून्य व्होल्ट ब्रेकच्याच वायरला जोडलाय. अर्धा चौरस मिमीची वायर, पॅनलपासून साधारण २५ मीटर.

पॅनल_ते_स्क्रू

जुळतंय. अर्धा चौरस मिमीच्या २५ मीटर तारेचा रोध पाऊण ओमच्या वर. स्टॉपरचे मिळून २ अँपिअर आणि ब्रेकचा अर्धा त्या एकाच परतीच्या तारेतून गेले की तिथेच दोन व्होल्ट गेले. ब्रेकला स्वतंत्र जोडी ओढा, दीड चौरस मिमीची, आणि कॉइलवरच्या सर्ज सप्रेसरकडे (कॉइल बंद होताना उसळणारं व्होल्टेज दाबणाऱ्या भागाकडे) बघा. साधा डायोड असेल तर करंट रेंगाळतो आणि ब्रेक बसायला उशीर होतो. उभ्या अक्षाला तेवढ्या वेळात ओझं काही मिमी घसरतं, म्हणून तिथे व्हॅरिस्टर बरा.

चाकण_दुसरी_पाळी

वेगळी जोडी ओढली. मोटरपाशी आता २३.३, वर ७८, खाली ६०. दुपारी चालवून बघितलं, मोटर कोमट. काका, आता टेकू काढून लाइन देऊ का? प्रॉडक्शनवाले डोक्यावर बसलेत.

पॅनल_ते_स्क्रू

टेकू काढू नका. महिनाभर तो ब्रेक घासत फिरलाय. सर्वोचा ब्रेक उभं ओझं धरून ठेवायला असतो, फिरता शाफ्ट घासायला नसतो. त्याचं अस्तर पातळ असतं. अलार्म गेला म्हणजे मोटरची तक्रार मिटली. ब्रेक किती धरतो ते अजून कुणी विचारलेलंच नाही.

टेकू फिक्श्चरच्या १० मिमी खाली येईल असा बसवा, गार्ड बंद करा. ब्रेक बसलेला असताना ड्राइव्हच्या ब्रेक टेस्टने, ती नसेल तर टॉर्क मोडमध्ये, खालच्या दिशेने थोडा थोडा टॉर्क द्या. ओझ्यामुळे रेटेड टॉर्कच्या ६९ टक्के ब्रेकवर आधीच आहेत. एकूण ओझ्याच्या १.३ पट, म्हणजे ९० टक्क्यांपर्यंत एन्कोडर हलता कामा नये. मोटरने वरून २१ टक्के दिले की तेवढे होतात.

चाकण_दुसरी_पाळी

१० टक्क्यांवरच हलला. टेकूवर येऊन बसला. तीनदा तेच.

पॅनल_ते_स्क्रू

मोटर बदला. पाटीवरचा पूर्ण कोड द्या, ब्रेकचं अक्षर सोडून मागवली तर बिनब्रेकची येईल. मोटर सुटली की होमची जागा (मोजणीचा शून्य) जाते. नवीन बसवल्यावर बेल्टचा ताण मॅन्युअलप्रमाणे, मग कमी वेगाने आणि टॉर्कची मर्यादा उतरवून होम घ्या. दोन्ही टोकांचे सॉफ्ट लिमिट (ड्राइव्हमध्ये भरलेल्या हद्दी) तपासूनच पूर्ण वेग. ब्रेकची हीच चाचणी नव्या मोटरवर करून आकडा त्याच शीटवर तारखेसकट लिहा, आणि शीट प्लॅस्टिकच्या पाकिटात घाला.

चाकण_दुसरी_पाळी

ऑर्डर गेली. तोवर लिफ्टर तळाला, कुलूप लावून. पॅलेट स्टॅकरने वर चढवतोय, प्रॉडक्शनवाल्यांना घसरल्याचा व्हिडिओ दाखवला तेव्हापासून कुणी काही बोललं नाही.