म्होरक्या की मुकादम?

पाणवठा:
टेक्सासातून गुरांचे कळप उत्तरेला हाकत नेणाऱ्या टोळीच्या प्रमुखाला तिकडे 'ट्रेल बॉस' म्हणत. सिनेमावाल्यांनी त्याच्या कमरेला पिस्तूल लटकवलं आणि आपण तेवढंच बघत बसलो. खरं तर तो पाण्यामागे धावणारा माणूस. २,५००-३,००० गुरं, दहा-बारा गडी, दिवसाची मजल १०-१५ मैल. हा पुढे घोडं काढायचा, पाणी आणि रात्रीच्या मुक्कामाची जागा हेरून परत यायचा. नदीला लोंढा असला तर गुरं घालायची की थांबायचं, हेही त्यानेच ठरवायचं.

१८६६ मध्ये चार्ल्स गुडनाइट आणि ऑलिव्हर लव्हिंग सुमारे २,००० गुरं घेऊन निघाले. काँचो नदी सुटल्यावर पेकोस नदीपर्यंत जवळपास ८० मैल पाणी नाही. थांबलं तर गुरं तहानेनं मरणार, म्हणून रात्रीसुद्धा चालवली. पेकोसचा वास लागताच ती अशी उधळली की मागची पुढच्यांच्या अंगावरून नदीत. आसपासच्या डबक्यांत खारं, विषारी पाणी. तिकडे त्यांना फिरकू द्यायचं नाही, हे वेगळंच. माझ्या मते हा अस्सल म्होरक्या. तुम्हाला काय वाटतं?

शेवटचा_घोडा:
मला वाटतं मुकादम. चांगला मुकादम म्हणा हवं तर. गड्याला महिना ३०-४० डॉलर, बॉसला १००-१२५. माल दुसऱ्याचा, तो वेळेत पोचवायचा आणि वजन घटू द्यायचं नाही. कळपाच्या पिछाडीला नवखी पोरं असायची, तोंडाला रुमाल बांधून दिवसभर धूळ खाणारी. त्यांच्याबद्दल तुमच्या लेखात एक ओळ नाही. त्याच फेरीत वाटेत शेकडो गुरं मेली, तेही नाही. आणि वासरं? रात्री जन्मलेलं वासरू सकाळी चालू शकत नाही म्हणून गोळी घालायचे. रोज सकाळी. गाय मागे वळून हंबरत राहायची, तिलाही हाकायचं.

पाणवठा:
वासरांचं खरं आहे, टाळायला नको होतं. पण गुडनाइट पगारी नव्हता, कळप त्याचा आणि लव्हिंगचा होता.

शेवटचा_घोडा:
मग तुमचं उदाहरणच गळालं की! मालक स्वतःच्या मालासाठी धडपडला, त्यात नेतृत्व कसलं? बहुतेक बॉस ठेकेदारांचे नोकर होते, बोला त्यांच्याबद्दल.

खरकटी_परात:
तुम्ही दोघंही आचाऱ्याला विसरलात. सैन्याच्या जुन्या गाडीला मागे खणांची पेटी बसवून 'चकवॅगन', म्हणजे फिरतं स्वयंपाकघर, बनवली ती गुडनाइटनेच, पण पहाटे सगळ्यांच्या आधी उठायचा आचारी. रात्री झोपण्यापूर्वी तो गाडीची दांडी ध्रुवताऱ्याकडे वळवून ठेवायचा, म्हणजे सकाळी आभाळ भरलेलं असलं तरी उत्तर कुठे ते कळे. बॉससुद्धा त्याच्याशी जपून बोलायचा. उपाशी माणसं कोणाचं ऐकतात?

कोरडी_विहीर:
उपाशी माणसांवरून आठवलं. तो कळप गेला कुठे ते कोणी लिहिलं नाही. न्यू मेक्सिकोतल्या फोर्ट समनरला. तिथे बोस्के रेदोंदो नावाच्या राखीव जागेत सैन्याने नव्हाहो जमातीच्या हजारो मूळनिवासींना डांबलं होतं, पीक बुडालेलं. त्यांच्या तोंडी घालायला सरकारने मांस घेतलं, ८ सेंट पौंडाने. गुडनाइट-लव्हिंगना १२,००० डॉलर मिळाले, सोन्यात. त्या भागातली वाट कोमँचे या दुसऱ्या मूळनिवासी जमातीच्या मुलखातून जाई. १८६७ मध्ये त्यांच्याच हल्ल्यात लव्हिंग जखमी होऊन पुढे मेला. पण "धाडसी माणसं" म्हणताना मुलूख कोणाचा, हे विचारायचं नाही असा नियम आहे का?

पाणवठा:
विचारा ना. मी शौर्यगाथा लिहिली नव्हती. लव्हिंगचंच घ्या: रात्रीच चालायचं ठरलं होतं, तो उतावीळपणे दिवसा निघाला आणि घात झाला. वाट कळणं म्हणजे काय ते इथेच दिसतं.

शेवटचा_घोडा:
आणि बोस इकार्ड? गुलामगिरीत जन्मलेला काळा गुराखी, गुडनाइटच्या बरोबरीने उधळलेल्या कळपांमागे धावलेला. गुडनाइट त्याच्याकडे पैसे सांभाळायला द्यायचा, त्याच्या थडग्यावर कौतुकाचा दगडही त्यानेच बसवला. दगड मिळाला, म्होरकेपण नाही. काळे गुराखी भरपूर होते, काळे बॉस बोटांवर मोजण्याइतके. वाट कळण्याचाच प्रश्न असता तर असं झालं असतं?

पाणवठा:
इथे माझ्याकडे उत्तर नाही. पण तुमच्या मुकादमाबद्दलही एक गोष्ट लक्षात घ्या. १८८३ मध्ये पॅनहँडलमधल्या, म्हणजे टेक्सासच्या उत्तर टोकाच्या पट्ट्यातल्या, गुराख्यांनी महिना ५० डॉलरसाठी संप केला. पुढाकार कोणाचा? टॉम हॅरिसचा, जो स्वतः एका रँचवर गड्यांचा प्रमुख होता.

शेवटचा_घोडा:
तो रँचवरचा, कळप हाकणारा नव्हे. आणि संप फसला. पण हे मला माहीत नव्हतं, मान्य. वासरांचं मात्र सोडणार नाही.