अखजीच्या घागरीवर आई येते का? गेलेल्या माणसाच्या पुन्हा भेटीविषयी तुमचे अनुभव

आईला जाऊन दोन वर्षं झाली. अखजीला मी धुळ्याजवळच्या माहेरी पोचले की ती ओट्यावरूनच हाक मारायची, "उनी का वं माय?" म्हणजे, आलीस का गं माय? आमच्या खान्देशात अखजी म्हणजे अक्षय्य तृतीया, सासुरवाशिणींचा सण. निंबाला झोके, गौराईची गाणी, आमरस. आणि त्याच सकाळी पितरांची घागर भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज, ठेवायचं, चुलीत पितरांच्या नैवेद्याची आगारी टाकायची. ज्या सणाला मी आईसाठी यायचे, त्याच सणाला आता तीच पाहुणी.

दहाव्याला महाराज म्हणाले, आत्मा नवं शरीर धारण करतो. तेव्हापासून मन थाऱ्यावर नाही. ती कुणाच्या तरी पाळण्यात असेल, तर वर माझी वाट कोण बघणार? तुमचं माणूस गेलं असेल तर मनापासून लिहा. भेट होईल असं वाटतं का? कुठे?

भुसावळहून
वडील रेल्वेत गार्ड होते. रात्री-अपरात्री यायचे. आई ताट झाकून भिंतीला टेकून बसायची, पण आधी जेवायची नाही. ते जाऊन चौदा वर्षं झाली. आई आता ब्याऐंशीची आहे. परवा म्हणाली, "आता ते बसले असतील ताट झाकून. मलाच उशीर होतोय." तिला मरणाची भीती नाही, त्यांना उपाशी ठेवल्याची रुखरुख आहे. ताई, पुनर्जन्माचं कोडं मी तिला घालणार नाही.

नवापूरहून
आम्ही ख्रिस्ती. ईस्टरच्या पहाटे कबरीवर मेणबत्त्या लावतो, गीतं गातो. पत्नी गेल्यावर मत्तयच्या शुभवर्तमानातला २२वा अध्याय मला फार लागला. पुनरुत्थानात लग्न करत नाहीत, असं येशू तिथे सांगतो. मग तिथे ती माझी कोण? पाळकांनी उत्तर दिलं नाही. योहानाचा ११वा अध्याय उघडून दिला. लाजराला आपण उठवणार हे येशूला ठाऊक होतं, तरी त्याच्या कबरीकडे जाताना तो रडला. ते वाचलं आणि दफनानंतर पहिल्यांदा मी मोकळा रडलो. भेटीची आशा असली तरी रडायला मुभा आहे, हे मला कुणी आधी सांगायला हवं होतं. नातं काय असेल ते असो, ती मला ओळखेल.

रावेरहून
मुलगा गेला. आदल्या संध्याकाळी केळीला पाणी सोडायचं राहिलं म्हणून त्याला बोललो होतो. स्वर्ग नको मला. ती एक संध्याकाळ परत मिळावी. एवढंच.

मुक्ताईनगरहून
माझा पाठचा भाऊ गेला त्या वर्षापासून मुक्ताईच्या पालखीबरोबर चालते. ज्ञानदेवांनी १२९६ साली आळंदीला समाधी घेतली. पुढच्याच वर्षी मुक्ताई इथे तापीकाठी विजेच्या कडकडाटात गुप्त झाली. मागे उरले थोरले निवृत्तिनाथ. एकेका भावंडाला निरोप देणारा तो माणूस माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. पण आषाढात पंढरपूरजवळ वाखरीला सगळ्या पालख्या एकत्र येतात, मुक्ताईला तिचे भाऊ भेटतात. त्या गर्दीत मी दरवर्षी माझ्या भावाशी बोलून घेते. घरी काय झालं, भाचीचं लग्न कुठे ठरलं, सगळं. वैकुंठ कसं असेल, मला सांगता येणार नाही. मला ते वाखरीसारखं दिसतं: धूळ, टाळ, आणि कुणीतरी आपल्याला शोधत येतंय.

धाग्याच्या सुरुवातीची मी
अखजी झाली. तुमचं सगळं वाचूनच गावी गेले होते. भावाने घागर भरली, वर डांगर ठेवलं. आई देठाशी वास घेऊन निवडायची, तसंच मीही निवडलं होतं. आगारीवर तुपाची धार पडली, जाळ उठला, आणि माझ्या तोंडून मोठ्याने निघून गेलं, "उनी का वं माय?"

वहिनी चुलीपाशी होती. तिने वर पाहिलं नाही. डोळे पुसत म्हणाली, "उनी."