ऑगमेंटेड कॉर्डला मराठीत काय म्हणायचं?

धरमपेठचा_गिटारवाला: क्लासच्या पोरांसाठी मराठीत नोट्स बनवून राहिलो. मेजर, मायनर तसंच ठेवलं, ऑगमेंटेडपाशी अडलो (मेजर कॉर्डचे तीन सूर एकत्र, पण पंचम अर्ध्या स्वरानं चढवलेला). सी ला सा धरून सी, ई, जी शार्प (चढलेला जी) म्हणजे सा, ग आणि 'वर्धित पंचम' असं लिहिलं, तर शास्त्रीय गाणं शिकणारी एक पोरगी म्हणते सर पंचम तर अचल असतो, चढत-उतरत नाही, हा कोमल धैवत झाला. काय लिहू?

महालची_पेटी: भाऊ, पेटीच्या पट्ट्यांनी पांढरी १, पांढरी ३, काळी ४ लिहा नं, सगळ्यायले समजते. मधात चार-चार अर्धस्वर, काळी ४ पासून वरच्या सा पर्यंतही चारच, म्हणून ही कॉर्ड कशीही उलटवा अंतरं तेच राहतात. बारा सुरांत अशा ४ च निघतात.

शब्दवेडी: वर्धितच बरोबर! वृध् धातू, वृद्धी, वर्धापन, आपली वर्धा नदी पण त्यातलीच. आणि कॉर्ड काऊन, स्वरसंघात म्हणा.

महालची_पेटी: स्वरसंघात म्हटलं तर पोरगं गिटार ठेवून घरी जाईल ताई.

भैरवप्रेमी: त्या पोरीला माझ्याकडून शाबासकी द्या, पण कोमल ध लिहू नका. भैरवात सा, ग, कोमल ध तिन्ही आहेत, पण तिथला ध आंदोलन घेत (हळुवार डोलत) पंचमाकडे झुकतो. इथला सूर वर ओढतो. सी ऑगमेंटेडनंतर एफ मेजर वाजवून पाहा, ग सरकून म होतो आणि हा सूर शुद्ध ध वर जाऊन बसतो, म्हणूनच पाश्चात्य संगीतात जी शार्प लिहितात, ए फ्लॅट (उतरलेला ए) नाही. पट्टी एकच, चाल उलटी. नावात पंचम चढलेला दिसलाच पाहिजे.

धरमपेठचा_गिटारवाला: मग 'तीव्र पंचम'?

भैरवप्रेमी: नाही हो, तीव्र फक्त मध्यम. 'चढा पंचम' म्हणा, गाणाऱ्याला लगेच कळतं. आणि पेटीवर विसंबू नका, तानपुऱ्यातला गंधार सा पासून ३८६ सेंटचा (पेटीच्या अर्धस्वराचा शंभरावा भाग म्हणजे सेंट), पेटीचा ४००. खरे गंधार एकावर एक तीन रचले तर वरचा सा सुमारे ४१ सेंटनं हुकतो, तुमची सारखी अंतरं तिथंच संपली.

महालची_पेटी: तो गिटार शिकवते, तानपुरा नाही! गिटारचे परदे पण पेटीसारखेच बांधलेले असतात.

सक्करदरा_४४: शब्दवेडी ताई, वर्धा वृध् वरून नाही. जुनं नाव वरदा, कालिदासाच्या मालविकाग्निमित्रात विदर्भाची वाटणी वरदेच्या दोन काठांवर होते.

शब्दवेडी: वरदाचं वर्धा होताना 'ध' कुठून आला ते सांगा आधी.

सक्करदरा_४४: बोलण्यातून आला, लोक बोलतात तसंच नाव पडते.

शब्दवेडी: लोकांच्या बोलण्याला पण नियम असतात, द चा ध असा वाटेल तिथं होत नाही.

धरमपेठचा_गिटारवाला: कॉर्डचं काय करू मंडळी, उद्या सकाळी क्लास आहे.

महालची_पेटी: ऑगमेंटेड लिहा अन् कंसात काळी ४.