पिऊन गाडी चालवली, 10 हजार भरले, विषय संपला?

कोपरीकर: काल इथे एकाने लिहिलं, "नाकाबंदीत सापडलो, कोर्टात 10 हजार भरले, दोन पार्ट्यांचा खर्च समजायचा." डोकं फिरलं म्हणून वेगळा धागा. अरे बाबा, तू कोर्टात गुन्हा कबूल म्हणालास ना, तिथेच दोषी ठरलास, पावती फाडून सुटायला ते नो पार्किंग नाही. माझा चुलतभाऊ घोडबंदरला 31 डिसेंबरला फुंकर मारून बसला. दंड 10, वकील 12, तीन तारखांच्या बिनपगारी रजा साडेसात हजार, आणि लायसन सहा महिने सस्पेंड, मग ऑफिसला येऊन-जाऊन 400, महिन्याचे 24 दिवस. 87 हजार झाले. वर आता अमेरिकेच्या व्हिसाच्या फॉर्मवर 'कधी अटक किंवा शिक्षा झाली का' पुढे काय लिहायचं म्हणून मला रात्री फोन करतो.

हिशेबनीस: पेट्रोल वाचलं ते वजा कुठेय? फुगवून सांगायची सवय जात नाही लोकांची.

रात्रपाळी: ते सगळं ठीक, पण रात्री 1 ला घोडबंदरला रिक्षा मिळवून दाखवा. बारानंतर मीटरच्या सव्वापट द्यायला कोण नाही म्हणतंय? हे थेट 500 मागतात, वर 'उधर नहीं जायेगा'. माणूस गाडी काढणार नाही तर काय करणार?

क्लेमवाला: पिणार नाही, हे करणार. मी विम्यात आहे, खरा खर्च अजून कोणी काढलाच नाही. ठोकली तर स्वतःच्या गाडीचा क्लेम गेलाच. टेस्ट झाली नव्हती म्हणून सुटू असं वाटत असेल तर सुप्रीम कोर्टाचा 2021 चा निकाल आहे, इतर पुरावा असेल तर टेस्टशिवायही कंपनी नाकारू शकते. समोरचा मेला तर कंपनी त्याच्या घरच्यांना देते आणि मग तुमच्याकडून वसूल करते. लाखांत. 10 हजार म्हणे.

रात्रपाळी: म्हणजे रिक्षावाले धुतल्या तांदळाचे.

तीनचाकी: माझे वडील 22 वर्षं रिक्षा चालवतात. तुमच्यासारखे मागे ओकतात, ते पहाटे चारला बादली घेऊन कोण धुतं? मी. दहावीत असल्यापासून. उतरताना शिव्या, आणि भाड्याला 'गूगल पे चालत नाही यार'. रात्री दारूडं नको म्हणतात त्यात काय चुकलं?

रात्रपाळी: मी कधी ओकलो तुमच्या रिक्षात? सगळ्यांना एका माळेत ओवू नका.

तीनचाकी: मग तुम्हीपण ओवू नका.

जुनाजाणता: आमच्या वेळी 2 हजार दंड होता, तोही कमी वाटायचा. 10 झाला तरी लोक तेच करतायत, म्हणजे दंडाने काही होत नाही. आणि दारू प्यायचा परवाना किती जणांकडे आहे हो? एक दिवसाचा 5 रुपयांना मिळतो, बारवाला तुमच्याच नावावर फाडतो, तुम्हाला पत्ताही नसतो.

कोपरीकर: परवान्याचा धागा वेगळा काढा. @हिशेबनीस, भावाला विचारलं, पेट्रोलचे सहा महिन्यांचे 14 हजार वाचले. आता 73. झोप लागेल ना?

हिशेबनीस: टोलही बघ.

रात्रपाळी: बरं, चूक त्याचीच, मान्य. पण त्या रात्री रिक्षा मिळाली असती तर 73 हजार वाचले असते, एवढंच म्हणतोय.

तीनचाकी: 500 मागितले होते ना? द्यायचे होते.