टेबलावर टेबल
तुर्भ्याच्या आयकियातली (फर्निचरचं दुकान) लॅक नावाची दोन छोटी टेबलं एकावर एक ठेवून अँपचा, म्हणजे गाण्यांच्या अँप्लिफायरचा, रॅक होईल का, असं कुणीतरी विचारलंय. होतो की! ऐरोलीत माझ्याकडे तोच आहे. टेबल ५५ सेंमी चौरस, दोन पायांमध्ये साधारण ४५ सेंमी, म्हणजे ४३ सेंमीचा अँप आरामात बसतो. पण फळी आतून पोकळ, नुसती कागदाची जाळी. मी शहाणपणा करून मधोमध स्क्रू मारला, तो गरागरा फिरत राहिला, धरेचना. भरीव भाग कोपऱ्यांत, पायांच्या वर. जोड तिथेच द्या. जड अँप सगळ्यात खाली. मागे वीतभर जागा सोडा, नाहीतर वायरी जोडताना बोटं सोलवटतात (अनुभवाचे बोल). आणि लादी पुसताना पाय भिजवू नका, फुगतात.